घरच्या घरी पहिला रोबो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमधली सतरंजी गुंडाळली जाते आणि फरशीवर रोबो धावायला लागतात. निदान धावावेत अशी अपेक्षा असते. सोसायटीतली मुलं, त्यांचे बाबा, मध्येच एखादी आजी असे सगळे येतात आणि प्रश्न साधारण तेच ते असतात. ते एकदा लिहून काढावेत म्हणून हे पान.

इथे एकाच रोबोबद्दल बोललंय : दोन चाकांचा, समोर अडथळा आला की वळणारा, थोडा बदल केला की काळ्या पट्टीवरून चालणारा. मेंदू आर्डुइनो उनोचा, म्हणजे संगणकावरून प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचा. रोबो हट्टाला पेटला की मुलं आधी प्रोग्रॅम उघडतात. मी आधी बॅटरी बघतो. खालची बरीच उत्तरं तिथेच येऊन पोचतात, त्याला माझा इलाज नाही.

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही. जमेल का?

टॉर्चमध्ये सेल सरळ घालता येत असतील तर जमेल. रोबोला फार डोकं लागतं हा गैरसमज आहे. ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे कासवासारखे दोन रोबो बनवले, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे), उजेड ओळखणारा एक डोळा, धक्का ओळखणारी एक कळ आणि दोन मोटरी. एवढ्यावर ती कासवं उजेडाकडे जायची, अडखळली की बाजूने वाट काढायची. तुमच्या हातातला उनो त्यांच्यापेक्षा किती तरी पुढचा आहे. त्यातल्या चिपची मेमरी ३२ किलोबाइट आणि वेग १६ मेगाहर्ट्झ. मोबाइलच्या मानाने काहीच नाही, पण आपल्या कामाला उरून पुरतो.

काय काय आणावं लागेल आणि खर्च किती?

उनो बोर्ड (मूळ कंपनीचा नको, पहिल्या वेळी साधा क्लोन, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली नक्कल, पुरे), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (उनोच्या हुकमाप्रमाणे बॅटरीचा करंट मोटरींना देणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या, आत गियर असलेल्या), त्यांना बसणारी दोन चाकं, पुढे टेकायला एक कॅस्टर, अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, १८६५० आकाराचे दोन रिचार्जेबल लिथियम सेल, त्यांचा होल्डर, चार्जर, एक ऑन-ऑफ स्विच आणि मूठभर जम्पर वायर (पिनांना नुसत्या खोचायच्या तयार वायरी). सगळं मिळून अंदाजे बाराशे ते अठराशे रुपये. शिवाय व्होल्ट मोजायला एक साधा मल्टीमीटर. यात मात्र काटकसर करू नका, कारण तो नसला की पुढचा प्रत्येक रविवार अंदाज बांधण्यात जातो.

सांगाडा विकत आणायची गरज नाही. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, सनबोर्डाचा तुकडा, जुन्या पाटीची चौकट, काहीही चालतं. आमच्याकडचा सगळ्यात टिकाऊ रोबो पोळ्यांच्या प्लॅस्टिक डब्याच्या झाकणावर उभा आहे. कॅस्टरऐवजी संपलेल्या रोल-ऑन डिओचा गोळा त्याच्या मानेसकट कापून लावा, मस्त फिरतो.

सामान कुठे मिळेल?

पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवा. गल्लीत जायचं तर यादी कागदावर लिहून न्या आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. काउंटरवरच्या माणसाला गर्दीत "काका, रोबोचं सामान द्या" म्हटलंत तर तो तुम्हाला कॉलेजच्या प्रोजेक्टवाला समजून भलं मोठं किट पुढे करील.

मग किट घेऊ की सुटे भाग?

सुटे भाग. किटमध्ये सगळं असतं, फक्त कुठली वस्तू कशासाठी हे कळत नाही. शिवाय बऱ्याच किटमध्ये ९ व्होल्टची बॅटरी येते, आणि तिथूनच पुढचा प्रश्न जन्माला येतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आहे. रोबो एक झटका देतो, थांबतो, पुन्हा झटका देतो. प्रोग्रॅममध्ये काय चुकलंय?

काहीही नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की मी आता रोबो न बघताच बॅटरीचा रंग विचारतो.

होतं असं. बीओ मोटर मोकळी फिरत असताना शे-दीडशे मिलिअँपिअर खाते, पण जागची हलताना, पहिल्या क्षणी, त्याच्या कैक पट मागते. दोन्ही मोटरी एकदम सुरू झाल्या की मागणी अँपिअरच्या घरात जाते. चौकोनी बॅटरी आतून सहा छोट्या सेलची बनलेली असते आणि तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, मोठा. घड्याळ, रिमोट, मल्टीमीटर अशा चिमूटभर करंट मागणाऱ्या वस्तूंसाठी ती ठीक. मोटरीने हिसका दिला की तिचे ९ व्होल्ट धाडकन खाली येतात, उनोला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि तो रिसेट होतो. रिसेट झाला की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू, पुन्हा मोटरींना "चला" असा हुकूम, पुन्हा व्होल्टेज गडगडतं. तोच तुमचा झटका.

खात्री करून घ्यायची तर रोबो एका डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू देत. अधांतरी नीट चालतो आणि जमिनीवर झटके देतो, म्हणजे दोष पुरवठ्याचा. बोर्डावर 'एल' अक्षराजवळचा छोटा दिवा बघा. प्रत्येक झटक्याबरोबर तो भराभर लुकलुकला तर उनो नव्याने सुरू होतोय. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून चाक बोटाने अडवा. आकडा पडताना डोळ्यांनी दिसेल. एकदा हे पाहिलं की माणूस ती बॅटरी पुन्हा रोबोला लावत नाही.

एक बाबा तीन आठवडे प्रोग्रॅम बदलत होते. घरून छापील प्रती आणायचे, लाल पेनने खुणा केलेल्या. चौथ्या रविवारी बॅटरी बदलली, रोबो सरळ सोफ्याखाली गेला. ते काही बोलले नाहीत. कागदांची घडी करून खिशात ठेवली.

पेन्सिल सेल चालतील का?

चार साधे सेल म्हणजे ६ व्होल्ट. एल२९८एन जुन्या घाटणीचा आहे, स्वतःच दोनेक व्होल्ट गिळतो. मोटरीला चार उरले. चालेल, पण म्हातारबांच्या चालीने. रिचार्जेबल पेन्सिल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चारांचे ४.८, त्यातून दोन गेले तर हलेल की नाही तीच शंका. सहा सेलचा होल्डर मिळाला तर घ्या. नाहीतर १८६५० चे दोन सेल एकापुढे एक : ७.४ व्होल्ट, ड्रायव्हरचा वाटा वजा जाता साडेपाचच्या आसपास, बीओ मोटरीला अगदी मानवणारे.

१८६५० सेल धोकादायक असतात म्हणे?

निष्काळजी माणसाच्या हातात, हो. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर वायरचं आवरण वितळायला काही सेकंद पुरतात. मी वितळलेलं पाहिलंय, माझ्याच टेबलावर, आणि वायर मीच उलटी लावली होती. तेव्हापासून स्विच आधी, बाकी जोडणी नंतर. होल्डरमध्ये सेल घालणं हे शेवटचं काम, काढणं हे पहिलं.

पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ च्या खाली जाऊ देऊ नका, ३.३ दिसले की चार्जिंगला लावा. चार्जर लिथियमसाठीचाच हवा, आणि रात्री लावून झोपू नका. सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सेल उचकटून काढण्याचा उद्योग नवशिक्याने करू नये, घरात मुलं असतील तर मुळीच नाही.

खरेदी करताना एक चाचणी : सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलं असेल तर तो खाली ठेवा. या आकाराच्या चांगल्या सेलची मजल ३५०० च्या आसपास संपते. खरा सेल हातात जड लागतो, साधारण ४५ ग्रॅम. मला एकदा फार हलका सेल गळ्यात मारला गेला. वजनकाट्यावर ठेवला तेव्हा कळलं. तोवर पावती हरवली होती.

ड्रायव्हरवर '१२ व्ही' लिहिलंय. १२ व्होल्टच द्यायचे का?

नाही. ते त्या स्क्रूचं नाव समजा. आपले ७.४ तिथेच जातात. बॅटरीच्या धन टोकाला दोन फाटे फोडा : एक ड्रायव्हरच्या १२ व्हीला, दुसरा उनोच्या 'व्हीइन'ला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या पिनला. ऋण टोकाचेही दोन फाटे : ड्रायव्हरचा जीएनडी (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची जागा) आणि उनोचा जीएनडी.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. उनोला वेगळी पॉवर बँक आणि मोटरींना वेगळे सेल लावले तरीही दोघांचे जीएनडी एकमेकांना जोडलेलेच हवेत. नाहीतर उनोने पाठवलेले ५ व्होल्ट ड्रायव्हरच्या दृष्टीने कशाच्या तुलनेत पाच, हे ठरतच नाही. दोन माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर उभी राहून "माझ्या कमरेइतकं पाणी" म्हणतात, तसं. मग मोटर कधी फिरते, कधी नाही, कधी बोर्डाला हात लावला तरच फिरते. "सर, हात लावला की चालतो" असं कुणी म्हणालं की जीएनडी निसटलाय हे नक्की.

मोटर उनोच्या पिनला थेट का जोडायची नाही?

पिन साधारण २० मिलिअँपिअर द्यायला बनवलेली आहे. मोटरीचा हिशेब वर आलाच आहे. पिन जळेल, आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर चिपही.

प्रोग्रॅम बोर्डात चढतच नाही.

आधी केबल बदला. घरात सापडणाऱ्या कित्येक यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जातच नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड आणि पोर्ट नीट निवडलंय का बघा. स्वस्त क्लोनवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. संगणकाला बोर्ड दिसतच नसेल तर संगणकात तिचा ड्रायव्हर टाका (हे सॉफ्टवेअर असतं, मोटर ड्रायव्हर नव्हे). आणि ० व १ या पिनांना काही जोडलेलं असेल, विशेषतः ब्लूटूथ, तर प्रोग्रॅम चढवताना ते काढून ठेवा. त्या दोन पिना यूएसबीच्याच वाटेवर आहेत.

प्रोग्रॅमिंग कुठून शिकू?

बोर्ड घरी यायच्या आधी टिंकरकॅडवर. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, उनो आणि सेन्सर पडद्यावर जोडून बघता येतात, आणि तिथे काही जळत नाही. दिवा लुकलुकवा, मग बटणाने लुकलुकवा. चार संध्याकाळी पुरतात. एक सूचना : नेटवरून तीनशे ओळींचा तयार रोबो प्रोग्रॅम उतरवू नका. आधी फक्त डावी मोटर पुढे. मग मागे. मग उजवी. प्रत्येक पायरी चालल्याशिवाय पुढची नाही. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण एकदम सगळं जोडणाऱ्यांपेक्षा पायरीपायरीने जाणाऱ्यांचाच रोबो आधी धावतो.

दोन्ही मोटरींना सारखाच वेग दिलाय, तरी रोबो एका बाजूला जातो.

जाणारच. एकाच पिशवीतून काढलेल्या दोन बीओ मोटरीही जुळ्या नसतात. आतले प्लॅस्टिकचे गियर, ब्रशचा दाब, चाकाचं रबर, सगळ्यात उन्नीस-बीस. प्रोग्रॅममध्ये दोघींना वेगाचा आकडा (तो ० ते २५५ असतो) १८० लिहिलात म्हणून त्या सारख्या फिरत नाहीत.

आधी चाकाचा आस बघा. आमच्याकडच्या निम्म्या वाकड्या चालीचं कारण आसाला गुंडाळलेले लांब केस निघतात. शिवणकामाच्या कात्रीने कापा, ओढू नका. मग डिओचा गोळा मोकळा फिरतोय ना ते बघा. मग बॅटरी कुठे बसवलीय. एका चाकावर वजन आलं तर तेच चाक रेंगाळतं.

एवढं करूनही वाकडा जात असेल तर मोजा. आमच्या हॉलची फरशी दोन फुटी आहे. रोबो फरशीच्या सांध्यावर नेमका सरळ ठेवायचा आणि तीन फरश्या जाऊ द्यायचा. सहा फुटांत सांध्यापासून किती बोटं सरकला ते पाहून जोरात धावणाऱ्या मोटरीचा आकडा पाच-पाचने कमी करायचा. आमच्या झाकणवाल्या रोबोची डावी १८० ला आणि उजवी १६५ ला असते. सेल उतरले की हेही बिघडतं. कायमचा इलाज हवा तर चाकाच्या आसावर खाचांची चकती आणि फेऱ्या मोजणारा सेन्सर, पण तो दुसऱ्या रोबोसाठी ठेवा.

आणि वेगाचा आकडा ८०-१०० च्या खाली नेऊ नका. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

अंतराचा सेन्सर वेडेवाकडे आकडे देतो.

हा सेन्सर वटवाघळासारखा. ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. जाऊन-येऊन एका सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद. म्हणजे ११६० आले तर भिंत २० सेंटिमीटरवर. २ सेंटिमीटरच्या आत त्याला दिसत नाही, आणि ४ मीटरपर्यंत दिसतं असं कागदावर लिहिलेलं असलं तरी घरात दोन मीटरच्या पुढे मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

त्याला पडदा दिसत नाही, कारण मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. तिरपी भिंत दिसत नाही, आवाज भलतीकडे परततो. खुर्चीचा पाय दिसला तर दिसला. आमच्या शेजारची मांजर त्याला कधीच दिसलेली नाही.

प्रोग्रॅममधली एक नेहमीची चूक : प्रतिध्वनीची वाट बघायला मुदत घातलेली असते, त्या मुदतीत काही आलं नाही की उत्तर शून्य येतं. वायर निसटली तरी शून्य. रोबो समजतो, भिंत नाकाला टेकली, आणि मोकळ्या हॉलमध्ये जागच्या जागी गिरक्या घेतो. म्हणून शून्य आलं तर तो आकडा सोडून पुन्हा मोजायला सांगा. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद थांबा, नाहीतर आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुढच्याच्या हिशेबात येतो.

काळ्या पट्टीवरून चालणारा कसा करू?

अंतराचा सेन्सर काढून खाली दोन आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे) सेन्सर लावा, जमिनीपासून सेंटिमीटरभर वर. पांढऱ्यावरून किरण परततात, काळ्यात जिरतात. डाव्याखाली काळं आलं की डावीकडे वळा, उजव्याखाली आलं की उजवीकडे. पट्टीसाठी इलेक्ट्रिशियनची काळी टेप, खाली पांढरा कार्डशीट. थेट फरशीवर लावू नका. चकचकीत फरशीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि रोबो त्यालाच भुलतो.

सेन्सरवरचा निळा ठोकळा बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवून तो काळं-पांढरं ओळखेल असा लावायचा असतो, आणि हे जिथे रोबो चालणार तिथेच, त्याच उजेडात करायचं. उन्हातही आयआर असतं. सकाळी नऊला नीट चालणारा रोबो अकराला बाल्कनीतून ऊन आत आलं की पट्टी सोडतो. पडदा ओढा. सेन्सरचा आयआर दिवा लागतोय का ते बघायचं तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

सोल्डरिंग यायलाच हवं का?

फक्त मोटरीच्या पत्र्यांना वायरी जोडायला. चार डाग. वायर पिळून टेप गुंडाळली तरी आठवडाभर चालतं, मग ऐन वेळी सुटतं. डाग देता येत असेल तर मोटरीच्या दोन पत्र्यांमध्ये '१०४' लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटरही बसवा. ब्रशच्या ठिणग्यांचा विजेचा गोंधळ कमी होतो.

सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी) जोडल्यापासून रोबोचा वेग कमी-जास्त होईनासा झाला.

ड्रायव्हरला वेग सांगणाऱ्या तुमच्या वायरी उनोच्या ९ आणि १० या पिनांवर आहेत. सर्व्होची लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार भाग) वापरली की उनोवर या दोन पिनांची वेग बदलण्याची सोय बंद पडते. ५ आणि ६ वर हलवा.

मोबाइलवरून चालवता येईल?

एचसी-०५ ब्लूटूथ लावून, हो, पण फक्त अँड्रॉइडवरून. आयफोनशी त्याचं जमत नाही. मोबाइलवरूनच चालवायचा असेल तर उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड घ्या, त्यात वायफाय असतंच. मात्र त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि एचसी-एसआर०४ पाच व्होल्ट परत पाठवतो. मध्ये दोन रेझिस्टर लावून ते कमी करावे लागतात.

उनोऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेतला तर?

कॅमेऱ्याने चेहरे ओळखायचे असतील तेव्हा घ्या.

मुलगी तिसरीत आहे. तिला हे झेपेल?

हे नको. जुन्या टूथब्रशचं डोकं कापा, वर जुन्या फोनमधली थरथरणारी मोटर चिकटवा, छोटा सेल जोडा. ब्रश टेबलभर तुरतुरत धावतो. फक्त बटणासारखे सपाट सेल घरात लहान भावंड असेल तर वापरू नका, गिळले गेले तर जिवावर बेततं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून टिकाऊ खेळणी ढिगाने आहेत, मराठीतही आहेत, सगळी फुकट. सहावीपासून शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, मुलांनी वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर तिथल्या शिक्षकांकडे चौकशी करा. लॅबच्या सामानाचं कपाट कुलूपबंद असेल तर पालकसभेत विचारा.

भाच्याला भेट म्हणून रोबो विमानाने न्यायचा आहे.

सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. होल्डरमधून काढा, प्रत्येकाच्या टोकांवर टेप लावा, डबीत घालून हातातल्या बॅगेत ठेवा. बाकी सांगाडा सामानात जाऊ दे. वायरी लोंबकळलेल्या ठेवू नका, एक्स-रेवर ते बरं दिसत नाही.

हा केर काढेल का?

हा प्रश्न दर वेळी मुलांच्या आया विचारतात, आणि मुलं लाजतात. नाही काढणार. धूळ ओढायला लागणारी मोटर आणि तिची बॅटरी मिळूनच या अख्ख्या रोबोपेक्षा जड होतील. मागे ओलं फडकं बांधून बघितलंय : फडकं फरशीला चिकटलं, चाकं जागेवरच घसरली, आणि ड्रायव्हरचा काळा पत्रा हात लावला तर चटका बसेल इतका तापला. कोरडा मोजा बांधला तर मात्र पलंगाखालून बराच भुगा घेऊन बाहेर येतो.